दुसऱ्याचा जॉब

आण्णा खाली आले, वाकून बघितलं आणि गुडघ्यावर हात टेकत उठून परत जिना चढून वर गेले. झालं ते एवढंच. बोल्ट तुटल्याची हळहळ रात्रीपर्यंत विरली, गाडी दुसऱ्या दिवशी रस्त्यावर आली, पण आण्णांचं ते वर जाणं काही डोक्यातून जाईना. ज्या माणसाने उभी हयात कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर घालवली, मोडलेले टॅप, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, अडकलेले स्टड आणि आटे गेलेली भोकं ज्याने रोज हाताळली, त्याने पोराच्या गाडीत रुतलेला सहा एमएमचा बोल्ट बघावा आणि 'चहा झाला का बघतो' म्हणून निघून जावं? रागावले म्हणावं तर चेहरा नेहमीचाच होता. कंटाळले म्हणावं तर टीव्हीवरचा रंगात आलेला सामना सोडून स्वतःहून खाली आले होते.

रविवार होता, श्रावणातला. जरगनगरात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये तीन बाजूंनी पावसाची झड आत येत होती आणि चौथ्या बाजूला मी बॉनेट उघडून उभा. गाडी जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगमधून इंजिन थंड ठेवणारं कूलंट झिरपायचं. सकाळी फरशीवर हिरवट डाग, आणि गाडी बंद केल्यावर नाकाशी तो गोडसर, जरा मळमळणारा वास. काम तसं सोपं. तीन बोल्ट काढायचे, जुनं गॅस्केट खरवडायचं, नवं बसवायचं, तीन बोल्ट लावायचे. पहिले दोन कुरकुर करत सुटले. तिसऱ्याला डिझेल पाजून रात्रभर ठेवलं होतं, आजूबाजूनं हलक्या हातानं ठोकून घेतलं होतं, पुस्तकात सांगतात ते सगळं केलं होतं. ज्यांनी कधी पाना हातात धरलाय त्यांना हे माहीत असेल: सुटणारा बोल्ट आधी अडतो, मग कट् असा कोरडा आवाज करतो, आणि तो आवाज ऐकून खांद्यातला ताण उतरतो. तुटणारा बोल्ट आवाज करत नाही. तो आधी मऊ होतो. पाना फिरतोय, पण बोल्ट फिरतोय की पिळवटतोय ते मनगटाला कळत नाही, आणि कळतं तेव्हा पाना एकदम हलका होऊन हातात आलेला असतो. पान्याच्या बॉक्समध्ये बोल्टची मुंडी, बाकीचा बोल्ट इंजिनात.

आण्णांनी ती मुंडी माझ्या तळहातावरून उचलली, अंगठ्यानं पुसली आणि उजेडाकडे तिरकी धरली. "ह्यो आज तुटलेला न्हाई," ते म्हणाले. "बघ की." बघितलं. तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून अधिक भाग तपकिरी-काळा होता, आणि कडेला एक बारीक चंद्रकोर तेवढी ताजी, चांदीसारखी चमकत होती. काळा भाग म्हणजे जुनी चीर, तिच्यात पाणी शिरून गंज बसलेला. चमक तेवढी आजची. "कुणीतरी कवाच अर्धा तोडून ठेवला होता. तुझ्या हातात नुसता आला." मुंडी परत माझ्या हातावर ठेवली, आणि मग तो चहा.

बोल्टचा हिशेब मोठा गमतीचा असतो. त्याच्या मुंडीवर ८.८ असा शिक्का होता. त्यातल्या पहिल्या आठचा अर्थ, चौरस मिलिमीटरला सुमारे ऐंशी किलो ओढ लावल्याशिवाय तो तुटत नाही. दुसऱ्याचा अर्थ, त्या ओढीच्या ऐंशी टक्क्यांवर तो कायमचा लांबायला लागतो. सहा एमएमचा, करंगळीहून बारीक बोल्ट सरळ ओढला तर दीड टनाच्या वर पेलतो, म्हणजे हिशेबानं माझी अख्खी गाडी त्या एका बोल्टला टांगता येईल. आणि तोच बोल्ट घट्ट करायला जोर किती लागतो? दहा न्यूटन-मीटर, वीतभर पान्याच्या टोकाला पाचेक किलो. दुप्पट लावला की खेळ संपला. त्यातही आपण पान्यावर जो जोर लावतो त्यातला जवळजवळ निम्मा मुंडीखालच्या घर्षणात जातो, चाळीस टक्के आट्यांच्या घर्षणात, आणि दोन भाग एकमेकांना दाबून धरण्याचं जे खरं काम, त्याच्या वाट्याला जेमतेम दहावा हिस्सा येतो. गंज चढला की हेही गणित कोलमडतं. पोलादी बोल्ट, अॅल्युमिनियमचं इंजिन आणि मध्ये पाणी. दोन धातू आणि पाणी एकत्र आले की वीज खेळायला लागते, अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी आट्यांत गच्च भरून बसते. आधीच्या कुणीतरी कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलं असणार. आणि त्या कुणीतरीच, किंवा आणखी कुणीतरी, गळती थांबत नाही म्हणून 'अजून जरा' आवळलं असणार. त्या 'अजून जरा'वाल्या माणसाचा मला राग यायला हवा होता. पण गळणारी गोष्ट बघून हात आवळला जातोच.

आण्णांच्या कारखान्याला सुट्टी सोमवारी असायची. माझ्या शाळेला रविवारी. त्यामुळे मे महिना आणि दिवाळी सोडली तर आम्हा दोघांच्या सुट्ट्या कधी एकत्र आल्याच नाहीत. मंगळवार पेठेतल्या घरातून रविवारी दुपारी मी त्यांचा डबा घेऊन उद्यमनगरात जायचो. रविवार म्हणजे मटण. पिशवीत भाकरी, किटलीत तांबडा रस्सा, आणि रस्ता ओलांडताना तो सांडू नये म्हणून आईची दहादा ताकीद. उद्यमनगरच्या बोळात शिरलं की आधी आवाज यायचे, मग वास. एका शेडमध्ये शेपर मशीनचं पुढं-मागं, दुसऱ्यात ग्राइंडरची किंकाळी, तिसऱ्यात कुणीतरी कानस मारतोय. भट्टीच्या काळ्या वाळूचा जळका वास, आणि लेथवर धार सोडतात त्या पांढऱ्या तेल-पाण्याचा आंबूस वास. आण्णांच्या टूलखालून निघणारा लोखंडाचा कीस निळा होऊन, गुंडाळत, वाफ सोडत खाली पडायचा आणि मला तो हातात घ्यायची भयंकर इच्छा व्हायची. एकदाच घेतला. बोट चिरलं आणि भाजलं, दोन्ही एकदम. आण्णांनी मशीन थांबवलं नाही. मानेनंच नळ कुठे आहे ते दाखवलं. जेवणाआधी ते रॉकेलनं हात धुवायचे, मग लाकडाच्या भुशानं, मग साबणानं. तरी भाकरीच्या पांढऱ्या पापुद्र्यावर त्यांच्या बोटांचे ठसे उमटायचेच, आणि आईने एवढ्या निगुतीने केलेल्या रश्श्याला तिथं रॉकेलचा वास यायचा. मला तो वास आवडायचा. आईला हे कधी सांगितलेलं नाही.

बाहेरच्या पाहुण्यांना कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, रंकाळा, मिसळ आणि चप्पल. ते दाखवून झालं की गाव संपलं असं त्यांना वाटतं. ज्या गावात ऊस, गुऱ्हाळं आणि नदीवरचे पंप, त्या गावात इंजिनं आली. परदेशी इंजिनाचा पार्ट मोडला की तो विलायतेहून यायची वाट कोण बघणार? इथल्या मिस्त्रींनी पार्ट ओतायला, कातायला सुरुवात केली, आणि मग अख्खं इंजिनच करून ठेवलं. म्हादबा मिस्त्रींचं नाव उद्यमनगरात अजूनही कानाला हात लावून घेतात. त्याच गावात बाबूराव पेंटरांनी दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा बनवला. कॅमेऱ्याची आठवण राहिली, ते योग्यच. पण मला नेहमी वाटतं, तो बनवताना किती स्क्रू मोडले असतील, आणि ते कुणी, कसे, काय पुटपुटत काढले असतील? आज शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत ओतलेले भाग कुठल्या कुठल्या गाड्यांत जाऊन बसलेत. माझा बोल्ट ज्या धातूत अडकला तोही इथलाच निघाला तर नवल नाही.

हे सगळं डोक्यात घोळवत मी पार्किंगमध्ये त्या तुटक्या बोल्टकडे बघत उभा होतो, आणि वरच्या मजल्यावरचे काका छत्री झटकत म्हणाले, "साहेब, गॅरेजला टाका की. हजार-पाचशेचं काम, कशाला हात काळे करतासा?" त्यांचं चूक नव्हतं. मी बँकेत. माझ्या पान्यांचा सेट ऑनलाइन मागवलेला, फोमच्या खाचांत चकचकीत मांडलेला, एक नंबर इकडचा तिकडे झाला तर मला झोप येत नाही. रविवारी गाडीखाली शिरायचं, मोबाईल टायरला टेकवून व्हिडिओ बघत काम करायचं आणि संध्याकाळी गरम पाण्यानं आंघोळ करून सोमवारी इस्त्रीचा शर्ट. आईला हे अजिबात बघवत नाही. "ह्यांचे कपडे घासता घासता माझा जन्म गेला, आता तुझे?" असं ती म्हणते, आणि त्या म्हणण्यात विनोद फार थोडा असतो. माझे हात काळे होऊ नयेत म्हणून ज्या घरानं खटपट केली, त्या घरात मी काळे हात हौसेनं करून घेतो. वाटलं तेव्हा करतो, नको वाटलं तर बॉनेट लावून टाकतो. आण्णांना बॉनेट लावता येत नव्हतं.

आणि एक गोष्ट. आण्णांनी घरी कधी हत्यार आणलं नाही. टर्नरच्या घरात साधा स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. नळ गळायला लागला की आई प्लंबरला बोलवायची, आण्णा पेपर वाचत बसायचे. सायकलची चेन पडली तर मी ती बोटांनी चढवायचो, ते उंबऱ्यातून बघायचे. लोखंडाला त्यांनी घराचा उंबरा कधी ओलांडू दिला नाही असं मला तेव्हा वाटायचं. पुढं वाटायला लागलं, की त्यांना आमच्यात रस नव्हता.

शेवटी मी फोन केला तो आण्णांच्या हाताखाली शिकलेल्या मिस्त्रींना. मी त्यांना मामा म्हणतो. ते आले संध्याकाळी, पाऊस जरा ओसरल्यावर, स्कूटरच्या पायाशी छोटा वेल्डिंग सेट आणि हँडलला केबलची वेटोळी अडकवून. आल्या आल्या गाडीकडे बघितलंच नाही. "वस्ताद बघून गेले?" तालमीतला शब्द, पण उद्यमनगरात शिकवणाऱ्यालाही तोच. म्हटलं, गेले. "काय म्हणाले?" सांगितलं. मग त्यांनी मुंडी मागून घेतली, तशीच तिरकी धरली, मान हलवली. मी माझी तयारी सांगितली: मधोमध पंच मारायचा, ड्रिल करायचं, त्या भोकात ईझी-आउट, म्हणजे उलट्या आट्यांचं हत्यार, घालून बोल्ट उलटा काढायचा. मामा हसले. "ईझी कुणाला? तो काचेवानी कडक. आत मोडला तर त्याच्यात ड्रिल चालायचं न्हाई. मग काढ इंजिन आणि ने स्पार्क मशीनवर." शिवाय पोलाद कडक, भोवतीचं अॅल्युमिनियम मऊ, ड्रिल एक केसभर सरकलं की ते मऊ धातूत घुसतं आणि बोल्ट राहतो जागच्या जागी, शेजारी नवं भोक. मला हे वाचून माहीत होतं. त्यांनी ते सांगताना उजव्या हाताचं बोट आपोआप आखडून घेतलं, म्हणजे त्यांना ते वेगळ्या रीतीनं माहीत होतं.

बोल्टचं टोक दोनेक एमएम वर राहिलं होतं, तेवढं पुरलं. मामांनी आधी बॅटरीच्या वायरी काढायला लावल्या, अर्थिंगची वायर जवळच धरली. तुटक्या टोकावर एक वायसर ठेवून वेल्डिंगचा ठिपका भरला, त्यावर जरा मोठा नट ठेवला आणि त्याच्या पोटातून पुन्हा भरला. अॅल्युमिनियमला वेल्डिंग चिकटत नाही, पोलादाला चिकटतं. लाल झालेला नट काळा पडेपर्यंत ते नुसते बसून राहिले. मग खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून गरम मुळाशी टेकवला. मेण वितळलं आणि बघता बघता आत ओढलं गेलं, जिथं रात्रभर डिझेल गेलं नव्हतं तिथं. तापल्यावर अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुलतं, तेवढीच फट मिळते. "महापुराच्या साली असल्या मेणबत्त्या किती गेल्या," मामा म्हणाले. २०१९ साली पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागं पडून पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. शाहूपुरी, नागाळा पार्कातल्या गाड्या दिवसेंदिवस पाण्यात उभ्या होत्या. पाणी उतरल्यावर जो बोल्ट बघावा तो जाम. "तवा बोल्ट काढायला शिकलो खरा. वस्तादांनी शिकवलेलं तवा कळलं."

पहिला नट वेल्डिंगसकट निघून आला. मामा काहीच बोलले नाहीत, दुसरा लावला. या वेळी त्यांनी पाना घातला आणि सोडवायच्या आधी उलट बाजूला, घट्ट करायच्या दिशेला, जरासा दाबला. मग इकडं. मग परत तिकडं. घड्याळाच्या काट्याएवढं हलत होतं. मेणाचा धूर, जळक्या कूलंटचा वास, आणि पार्किंगच्या पत्र्यावर पुन्हा सुरू झालेला पाऊस. बोल्ट पाव वेढा फिरला, आणि त्याच क्षणी वरून आवाज आला.

"आधी टॅप मार. आटे साफ कर. तसाच नवा घालू नको."

आण्णा गॅलरीत होते. केव्हापासून, कुणास ठाऊक. मामांनी वर न बघताच उत्तर दिलं, "मारतो, वस्ताद."

पैसे द्यायला गेलो तर वस्तादांच्या दारात पैसे कुठं घेऊ म्हणाले, आणि नको नको म्हणत खिशात ठेवले, ते बरंच झालं. चहा घेताना त्यांच्या मुलाचं विचारलं. पुण्यात असतो, लॅपटॉपवर काम. "त्याला मशीनला शिवू दिलं न्हाई मी," ते म्हणाले, आणि सुरात अभिमान होता की दुसरं काही ते मला ओळखता आलं नाही. आण्णा शेजारीच बसले होते. त्यांनी बशीतला चहा संपवला.

रात्री जेवताना मी न राहवून विचारलंच. तुम्हाला दहा मिनिटांचं काम होतं, का नाही हात लावलात?

"जॉब कुणाचा?" ते म्हणाले.

मग जे सांगितलं ते त्यांनी भाकरी मोडता मोडता, काही विशेष नसल्यासारखं सांगितलं. दुसऱ्यानं मशीनवर चढवलेल्या जॉबला, म्हणजे कातायला घेतलेल्या तुकड्याला, त्यानं हाक मारल्याशिवाय हात लावायचा नसतो. त्यानं डायल शून्यावर आणून ठेवलेली असते, कुठल्या बाजूनं किती काटायचं ते त्याच्या डोक्यात असतं. तुम्ही मदत म्हणून चाक जरा फिरवलं की त्याचं माप गेलं. आणि मग जॉब बिघडला तर नाव कुणाचं? म्हणून बघायचं, दिसलं ते सांगायचं आणि बाजूला व्हायचं. "मिस्त्रीला फोन केलास. मला कुठं म्हणालास, आण्णा काढा म्हणून?"

आई म्हणाली, काय बाई माणूस, पोरालापण हाक मारावी लागते.

मी तेव्हा जेवलो आणि उठलो. पण हा नियम मनात मागं मागं जाऊन बऱ्याच ठिकाणी लागू होऊन बघायला लागला. दहावीनंतर सायन्स की कॉमर्स, या भानगडीत सगळा वाडा सल्ले देत होता आणि आण्णा एक शब्द बोलले नव्हते. माझं पहिलं लग्न ठरून मोडलं तेव्हा ते समोर येऊन बसले, माझ्याकडे बघितलं, "जेवलास का?" विचारलं आणि उठले. मी त्याला थंडपणा म्हणत आलो. आता कुणी मला सांगतंय की तो कारखान्याचा शिष्टाचार होता. जॉब माझा, हाक मी मारली नाही. हे मला पूर्ण पटलेलं नाही. लहान पोरगं बोट चिरून उभं असतं तेव्हा ते काही चढवलेला जॉब नसतं, तेव्हा मशीन थांबवायला हरकत नव्हती. आणि हेही शक्य आहे की त्यांना लोखंडाचा नुसता वीट आलेला असावा, आणि वीट आलाय असं म्हणणं बरं दिसत नाही म्हणून नियम पुढं केला असावा. नळ गळत असताना पेपर वाचणाऱ्या माणसाबद्दल ही शंका घ्यायला जागा आहे. पण मग पावसात गॅलरीत उभं राहून टॅप मार म्हणून कोण ओरडलं?

नवे बोल्ट आण्णांच्या सांगण्यावरून स्टेनलेसचे घेतले नाहीत. गाडीला होते तेच, ८.८ चे, आट्यांना ग्रीस लावून, टॉर्क पान्यानं दहावर. टॉर्क पाना त्यांनी हातात घेऊन उलटसुलट बघितला, एकदा टिक् वाजवला आणि चांगलाय म्हणाले. गळती थांबली. सायलेन्सरचे नट मात्र आता आवाज करायला लागलेत, आणि त्यांच्यावरचा गंज बघता तिथंही एखादा हातात येणार हे नक्की. परवा जेवताना मी म्हटलं, "आण्णा, सायलेन्सर उतरवायचाय. तुम्ही असाल का जवळ? नट तुम्हीच काढा."

"कवा?"

"पुढच्या सोमवारी मला सुट्टी आहे."

"सोमवारी न्हाई," आण्णा म्हणाले. "सोमवारी सुट्टी असती माझी. रविवारी कर. आणि शनिवारी रात्रीच डिझेल सोडून ठेव नटांवर."